माप आणि मोल

माप आणि मोल हे दोन शब्द व्यवहारांत इतके जोडीनें वावरतात कीं त्यांच्यांत कांहीं भेद आहे याची आपणांस सहसा आठवणहि होत नाहीं. वाण्याच्या दुकानांत धान्याचें माप झालें कीं मोल ठरलेंच. दोहोंच्या मध्यें विचाराला जागा उरत नाहीं. परंतु ज्याचें माप घ्यावयाचें तें धान्य नसून मूल असेल, तर हाच व्यवहार तितक्याच निःशंकपणें करतां येईल काय? हा प्रश्न कोणाला शब्दच्छलाचा वाटेल. पण आज अनेक घरांत तो खराखुरा उभा राहत आहे, म्हणूनच येथें विचारासाठीं घेतला आहे.

समजा, एक तीनचार वर्षांचें मूल आहे. हांक मारली तर तें वळून पाहत नाहीं. शब्द थोडे, आणि तेहि ऐकले तसेच परत उच्चारलेले. खेळांतली गाडी चालविण्याऐवजीं तिचें एकच चाक तें तासभर फिरवीत बसतें. आणि कुकराची शिटी झाली कीं दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळतें. आईबाप त्याला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेतात. अखेर 'स्वमग्नता' हें नांव मिळतें. पण नांव म्हणजे कारण नव्हे, आणि मनाला हवें असतें तें कारण. मग कोणी सुचवितो कीं याच्या रक्तांतील संप्रेरकें एकदां तपासून पाहा. चार दिवसांनीं एक कागद हातीं येतो. त्यावर डावीकडे संप्रेरकाचें नांव, मध्यें मुलाचा आंकडा, आणि उजवीकडे 'सामान्य' मर्यादा. बापाची नजर मधल्या रकान्यावरून उजव्या रकान्याकडे जाते. त्या एका दृष्टिक्षेपांत जें कांहीं घडतें, त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम त्या उजव्या रकान्याचें स्वरूप नीट पाहूं. 'सामान्य' हा शब्द ऐकतांच तो निसर्गाचा कांहीं आदेश असावा असा भास होतो. वस्तुतः ती केवळ एक मोजणी असते. पुष्कळशा निरोगी माणसांचें रक्त तपासून त्यांतील शेंकडा ९५ जणांचे आंकडे ज्या दोन टोकांमध्यें सांपडतात, तीं टोकें म्हणजे सामान्य मर्यादा, असा सर्वसाधारण संकेत आहे. याचा उघड अर्थ असा कीं शंभर निरोगी माणसांपैकीं पांच जण या मर्यादेबाहेर पडणार, आणि तरीहि ते निरोगीच राहणार. म्हणजे हा रकाना 'बहुतेक असे आहेत' एवढेंच सांगतो. 'सर्वांनीं असें असावें' हें तो सांगत नाहीं, आणि सांगूंहि शकत नाहीं. 'आहे' यापासून 'असावें' येथपर्यंत जावयाचें तर वाटेंत मनुष्याचा निर्णय लागतो. आणि जेथें निर्णय आला तेथें नीतीचा प्रश्न आलाच. शिवाय एक गोष्ट येथेंच स्पष्ट केली पाहिजे. स्वमग्नतेचें निदान रक्ताच्या कोणत्याहि परीक्षेनें होत नाहीं. मुलाचें बोलणें, वागणें, खेळणें पाहूनच तें करावें लागतें. मग संप्रेरकांच्या आंकड्यांचा शोध इतक्या उत्कंठेनें कां चालतो? याचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं घडविला, आणि तो १९११ सालच्या त्यांच्या ग्रंथांत निराळ्याच मनोविकाराच्या एका लक्षणासाठीं वापरलेला आढळतो. बालकांच्या ज्या अवस्थेस आज आपण तें नांव देतों, तिचें प्रसिद्ध वर्णन बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं केलें. त्यांनीं वर्णिलेलीं मुलें अकरा होतीं: आठ मुलगे आणि तीन मुली. मूळ शब्दांतील ग्रीक पदाचा अर्थ 'स्वतः' असा आहे, आणि मराठी 'स्वमग्न' हा त्याच अर्थानें घडलेला शब्द होय. परंतु मराठीच्या कानाला 'मग्न' या पदांत निंदा ऐकूं येत नाहीं. भजनांत मग्न, ध्यानांत मग्न, कामांत मग्न, असे प्रयोग आपण कौतुकानेंच करतों. संत देहभान विसरला तर आपण हात जोडतों. मूल आपलें बोलावणें विसरलें तर मात्र घाबरतों. दोन्ही अवस्था एकच आहेत असें म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाहीं. तथापि भाषेनें नकळत एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे ती ही, कीं मग्नतेचा दोष केवळ मग्न असणाऱ्याकडे नसतो. पाहणाऱ्याच्या अपेक्षेवरहि तो कांहींसा अवलंबून असतो.

पाहणाऱ्यांनीं मात्र पहिला दोष आईच्या पदरांत टाकला. ही अवस्था जन्मजात असावी असें कॅनर यांनीं १९४३ सालीं लिहिलें होतें. पण त्याच लेखांत आईबापांच्या अलिप्त, पुस्तकी स्वभावाचाहि उल्लेख होता, आणि पुढें त्या उल्लेखाचेंच झाड वाढलें. आईच्या मायेंतील थंडपणामुळें मूल आपल्याभोंवतीं तटबंदी उभारून आंत जाऊन बसतें, हा विचार ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथानें घरोघर पोहोंचविला. किती आयांनीं त्या काळांत आपल्या कुशींतील मुलाकडे अपराध्याच्या नजरेनें पाहिलें असेल याची गणती कोण करणार? मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, त्यांनीं १९६४ सालींच या मताचें खंडन करून शारीरिक कारणांकडे बोट दाखविलें होतें. तें खंडन रुजावयास मात्र बराच काळ लागला. ही पार्श्वभूमि लक्षांत घेतली म्हणजे रक्तांतील आंकड्याविषयींची उत्कंठा समजते. आंकडा आईला निर्दोष ठरवितो. 'तुझी माया कमी पडली नाहीं, एक द्रव्य कमी पडलें', असें तो म्हणतो. हें सांत्वन क्षुद्र नव्हे, आणि जो या शोधाला हंसतो त्यानें त्या मातेची रात्र पाहिलेली नाहीं.

संप्रेरक या कल्पनेचा जन्म लंडनचा. १९०२ सालीं तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांना आंतड्याच्या अस्तरांतून निघणारें एक द्रव्य सांपडलें. तें रक्तावाटे जाऊन स्वादुपिंडास पाचक रस सोडण्याची चालना देई. त्याला त्यांनीं सिक्रेटिन हें नांव दिलें, आणि अशा सर्व निरोप्या द्रव्यांसाठीं 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं वापरांत आणला. ग्रीक धातूचा अर्थ चालना देणें. आपला 'संप्रेरक' त्याचाच समानार्थी. विलक्षण योगायोग असा कीं हेंच आद्य संप्रेरक जवळजवळ शंभर वर्षांनीं स्वमग्न मुलांच्या कथेंत येऊन उभें राहिलें. अमेरिकेंत पोटाच्या तपासणीसाठीं कांहीं मुलांस सिक्रेटिन टोंचण्यांत आलें होतें. त्यानंतर तीं नजरेला नजर देऊं लागलीं, कांहीं बोलूं लागलीं, असें दिसून आलें. १९९८ सालीं अशा तीन मुलांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि वणव्यासारखी ती बातमी पसरली. तीन मुलांच्या हकीकतीवर हजारों घरांनीं आशा बांधली.

पुढच्याच वर्षीं, १९९९ सालीं, साठ मुलांवर केलेल्या एका काटेकोर प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें मुलांचे दोन गट केले होते; एकास सिक्रेटिनची एक मात्रा आणि दुसऱ्यास निव्वळ औषधासारखें दिसणारें पाणी टोंचलें. कोणास काय मिळालें हें आईबापांसहि ठाऊक नव्हतें आणि परीक्षकांसहि नव्हतें. दोन्ही गटांतील कांहीं मुलांत सुधारणा दिसली. परंतु गटागटांत फरक दिसला नाहीं. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांचा निष्कर्षहि हाच आला. यांत शास्त्राच्या दृष्टीनें विशेष कांहीं नाहीं. कल्पना सुचावी, तपासावी आणि खोटी ठरली तर सोडावी, हाच शास्त्राचा शिरस्ता. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. प्रयोगाचा निकाल समजावून सांगितल्यावरहि त्या मुलांच्या पालकांपैकीं शेंकडा ६९ जणांनीं या उपचारांत आपणांस अजूनहि रस आहे असें सांगितलें.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांला तें उतावीळपणाचें वाटतें. त्या पालकांनीं चार आठवडे आपल्या मुलाकडे रोज, बारकाईनें, आशेनें पाहिलें होतें. असें पाहतांना त्यांना मुलांत कांहीं नवें दिसलें; तें नवें कदाचित् खरेंहि असेल, फक्त तें औषधानें आलेलें नव्हतें. मूल वाढत होतें आणि आईबाप पाहत होते. औषधानें दिलें असें जें त्यांना वाटलें, तें वास्तविक त्यांच्या स्वतःच्या लक्ष देण्यांतून आलें असणें अगदीं संभवनीय आहे. पण लक्ष देण्याची पावती कोणत्याहि प्रयोगशाळेंत मिळत नाहीं, आणि औषधाची मिळते; म्हणून श्रेय पावतीच्या मागें जातें. मापाचा मोह म्हणतात तो हाच. जें मोजतां येतें तेंच खरें, आणि जें मोजतां येत नाहीं तें जणूं घडलेंच नाहीं, असें आपण मानूं लागतों.

सिक्रेटिनचें जें झालें तेंच थोड्या निराळ्या रीतीनें ऑक्सिटोसिनचें झालें. हें संप्रेरक बाळंतपणांत गर्भाशयाचें आकुंचन घडवितें, आईच्या स्तनांत पान्हा आणतें; प्राण्यांवरील प्रयोगांत जोडीदार व पिलें यांच्याविषयींच्या ओढीशीं त्याचा संबंध दिसून आला आहे. १९९८ सालीं २९ स्वमग्न आणि ३० इतर मुलांच्या रक्ताची तुलना झाली, आणि स्वमग्न मुलांत तें सरासरीनें कमी आढळलें. येथें अनुमान जणूं स्वतःच्या पायांनीं चालत आलें: मायेचें द्रव्य कमी, म्हणून माया कमी, द्रव्य भरून काढा, माया येईल. परंतु २०१४ सालीं अधिक मुलांचें रक्त तपासलें तेव्हां स्वमग्न मुलें, त्यांचीं भावंडें आणि इतर मुलें यांच्या प्रमाणांत असा फरक आढळला नाहीं. पुढें ३ ते १७ वर्षांच्या २९० मुलांना चोवीस आठवडे नाकावाटे ऑक्सिटोसिन अथवा त्याऐवजीं निरौषध फवारा देऊन पाहण्यांत आलें. त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मुलांच्या सामाजिक वागण्यांत दोन्ही गटांत लक्षणीय अंतर नव्हतें. तर्काची चूक द्रव्यांत नव्हती, 'म्हणून' या शब्दांत होती. माया हें भांड्यांतील पाणी नव्हे, कीं पातळी उतरली तर वरून ओतावें. शिवाय जें मूल नजर चुकवितें त्याच्या पोटीं माया नाहीं, हें तरी कोणीं ठरविलें? माया दाखविण्याची आपली रीति त्याला साधत नाहीं, एवढेंच आपण पाहिलेलें असतें.

तिसरें उदाहरण याहून गंभीर आहे. मुलींपेक्षां मुलग्यांत स्वमग्नता अधिक आढळते. कॅनर यांच्या पहिल्या अकरांतहि हेंच प्रमाण दिसतें. त्यावरून गर्भावस्थेंतील टेस्टोस्टेरोन या पुरुष-संप्रेरकाकडे संशोधकांचें लक्ष गेलें, आणि केंब्रिज येथील सायमन बॅरन-कोहेन यांनीं ही उपपत्ति नेटानें मांडली. डेन्मार्कमध्यें साठवून ठेवलेल्या गर्भजलाच्या नमुन्यांवरून पुढें स्वमग्न ठरलेले १२८ मुलगे व इतर २१७ मुलगे यांची तुलना करण्यांत आली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत स्वमग्न गटांत अशा संप्रेरकांचें प्रमाण सरासरीनें अधिक आढळलें. अभ्यास प्रामाणिक आहे. पण सरासरी ही गटाची असते, मुलाची नसते. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. भाताच्या सरासरीवरून एका शिताची परीक्षा होत नाहीं.

आणि येथेंच दोन भयस्थानें उत्पन्न होतात. एक असें, कीं जो दोष मोठ्या कष्टानें आईच्या मायेवरून काढला तोच आतां तिच्या गर्भाशयावर जाऊन बसण्याचा संभव आहे. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तसें. वास्तविक मुलग्याच्या गर्भांतील हें संप्रेरक बव्हंशीं त्या गर्भाच्याच ग्रंथींतून येतें. आईचा त्यांत कर्तेपणा नाहीं. दुसरें भय प्रत्यक्षांत उतरलेलें आहे. लसींतील पारा आणि टेस्टोस्टेरोन यांची निराधार सांगड घालून अमेरिकेंतील एका डॉक्टरानें स्वमग्न मुलांना ल्यूप्रोलाइड हें औषध टोंचण्यास आरंभ केला. हें औषध प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर आणि अकालीं वयांत येणाऱ्या मुलांवर वापरतात. शरीरांतील लिंग-संप्रेरकांची निर्मिति तें बंद पाडतें. मेरीलंड राज्याच्या वैद्यक मंडळानें त्याचा परवाना २०११ सालीं स्थगित केला आणि २०१२ सालीं रद्द केला. परंतु परवाना रद्द झाल्यानें त्या मुलांच्या देहावर झालेला प्रयोग पुसला जात नाहीं. त्या मुलांना कोणीं विचारलें होतें? त्यांचें मोल एका आंकड्यावरून कमी ठरलें, आणि आंकडा उतरला कीं मोल चढेल अशा हिशेबानें त्यांच्या देहाचा सौदा झाला. त्यांच्या आईबापांचें प्रेम खोटें होतें असें आम्हीं म्हणत नाहीं. प्रेमाला हिशेबाची घाई झाली म्हणजे तें कोठवर जाऊं शकतें, एवढेंच यांतून दिसतें.

येथवरच्या विवेचनावरून कोणास असें वाटेल कीं संप्रेरकें मोजणेंच आम्हांस नापसंत आहे. तसें नाहीं, आणि तें कां नाहीं हें दाखविणारें चौथें उदाहरण आतां सांगतों. ताण पडला असतां शरीरांत कॉर्टिसोल हें संप्रेरक वाढतें, आणि तें लाळेंतहि मोजतां येतें; सुई टोंचावी लागत नाहीं. अमेरिकेंतील संशोधक ब्लाइथ कॉर्बेट व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलें खेळाच्या मैदानावर सोडलेलीं, बरोबर समवयस्क सोबती, आणि मधूनमधून लाळेचे नमुने. खेळाच्या या वेळांत स्वमग्न मुलांचें, विशेषतः त्यांतील वयानें मोठ्या मुलांचें, कॉर्टिसोल वाढलेलें आढळलें. इतरांना जो खेळ, तो त्यांना ताण होता.

आतां हा वाढलेला आंकडा कोणाचा? कागदावर मुलाचें नांव आहे, म्हणून मुलाचा असें आपण म्हणूं. पण मैदान नसतें, गलका नसता, खेळाचे कोणीं न सांगितलेले आणि तरी सर्वांना ठाऊक असलेले नियम नसते, तर तो आंकडा उत्पन्नच झाला नसता. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत बसविलेल्या मुलाला घाम आला तर आपण घामावर औषध देत नाहीं, खिडकी उघडतों. लाळेंतील तो आंकडा मुलाविषयीं जितकें सांगतो तितकेंच आपल्या मैदानाविषयीं सांगतो. जें मूल 'मला येथें त्रास होतो' असें बोलून सांगूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें दिलेली ती एक साक्ष आहे. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मापाचा अर्थच पालटतो. पहिल्या तीन उदाहरणांत माप घेणारा मुलाला विचारीत होता, 'तुझ्यांत काय कमी आहे?' येथें तेंच माप उलट आपणांस विचारतें, 'याच्याभोंवतीं तुम्हीं काय मांडून ठेवलें आहे?'

यावर एक वजनदार आक्षेप येईल, आणि तो ज्यांनीं असें मूल वाढविलें आहे त्यांच्याकडूनच येईल. ते म्हणतील, लेखकाला मैदान सुधारण्याच्या गोष्टी सुचतात, कारण तो रात्रीं झोंपतो. आमचें मूल तीन वाजतां उठतें, डोकें भिंतीवर आपटतें, बारा वर्षांचें झालें तरी पोट दुखतें म्हणून सांगतां येत नाहीं. त्याला आहे तसा स्वीकारा, हा उपदेश आम्हांला भरल्यापोटीं केलेला वाटतो. हा आक्षेप टाळतां येण्यासारखा नाहीं. दुःखाला वैचित्र्य म्हणून गोंजारणें हा सुद्धां एक निर्दयपणाच आहे.

पण या आक्षेपाचें उत्तरहि एका संप्रेरकानेंच द्यावें हें उचित आहे. मेलॅटोनिन हें मेंदूंतील एका लहान ग्रंथींतून अंधार पडल्यावर स्रवतें आणि शरीराला रात्र झाल्याचें कळवितें. अनेक स्वमग्न मुलांत त्याचें प्रमाण कमी आढळल्याचे अहवाल आहेत. झोंपेच्या संवयी सुधारूनहि ज्यांना झोंप लागत नव्हती अशा, बहुतेक स्वमग्न, १२५ मुलांवर सावकाश विरघळणाऱ्या मेलॅटोनिनचा प्रयोग झाला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तेरा आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्या मुलांची झोंप सरासरीनें सुमारें ५७ मिनिटांनीं वाढली होती, आणि निरौषध गोळी घेणाऱ्यांची सुमारें ९ मिनिटांनीं. २०१८ सालीं युरोपीय संघांत अशा मुलांसाठीं या औषधास परवानगी मिळाली. येथेंहि कमतरता मोजली गेली, येथेंहि द्रव्य बाहेरून दिलें गेलें; तरी आपली सदसद्विवेकबुद्धि येथें अडखळत नाहीं. असें कां व्हावें?

कारण येथें ज्याचें दुःख त्यालाच औषध मिळत आहे. झोंप न लागणें हें मुलाचें स्वतःचें दुःख आहे. नजरेला नजर न देणें हें पुष्कळदां आपलें दुःख असतें, आणि आपण तें मुलाच्या नांवावर लिहितों. मेलॅटोनिन मुलाला निराळें मूल करूं पाहत नाहीं. त्याच मुलाला एक तास अधिक विसांवा देतें. आणि त्याचा गुण आला कीं नाहीं हें परीक्षकाच्या प्रश्नपत्रिकेवरून नव्हे, सकाळीं उठलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळतें. म्हणून कसोटी द्रव्याची नाहीं, हेतूची आहे. उपाय योजण्यापूर्वीं पालकानें, वैद्यानें आणि समाजानें स्वतःला विचारावें: या उपायानें कोणाची वेदना कमी होणार आहे? तो फसला तर त्याची किंमत कोण भरणार आहे? आणि हें मूल बोलूं शकलें असतें तर त्यानें हा उपाय मागितला असता काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर निश्चयानें देतां येत नाहीं हें खरें; पण तो विचारल्याशिवाय पुढें जाणें आणि विचारून संकोचानें पुढें जाणें, यांत महदंतर आहे.

सुदैवानें या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणारी कांहीं माणसें आज जगांत आहेत. स्वमग्न मुलें मोठीं होतात, आणि त्यांतील कित्येक लिहितात, बोलतात. त्यांपैकीं जिम सिंक्लेअर यांनीं १९९३ सालीं टोरांटो येथील परिषदेंत पालकांपुढें मांडलेला विचार थोडक्यांत असा होता: तुम्हीं ज्या मुलाची वाट पाहिली तें आलें नाहीं, याचा शोक तुम्हांस होणें स्वाभाविक आहे, पण त्या शोकाचें ओझें जें मूल आलें आहे त्याच्यावर टाकूं नका. या विचारांत कठोरपणा आहे आणि करुणाहि आहे. जीं मुलें कधींच बोलणार नाहींत त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार बोलणाऱ्यांस कितपत पोहोंचतो, हा वाद त्यानंतर चालू राहिला आहे, आणि तो न्याय्यहि आहे. तरी आईबापांच्या मनांत दोन मुलें असतात, एक कल्पिलेलें आणि एक प्रत्यक्ष, हें निदान त्यामुळें उघडपणें बोललें गेलें. प्रयोगशाळेच्या कागदावरील उजवा रकाना हा त्या कल्पिलेल्या मुलाचा असतो. आयुष्यभर प्रत्यक्ष मुलाला त्या रकान्याशीं ताडून पाहत राहणें, याहून मोठा एकांतवास त्याच्या वांट्यास दुसरा कोणता येणार?

माप न्यायाचेंहि साधन होऊं शकतें, हें सांगितल्याविना विषय पुरा होणार नाहीं. आपल्या देशांत १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट निर्देश आला, आणि २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांतहि ती समाविष्ट झाली. या दुसऱ्या कायद्याच्या कांहीं सवलतींसाठीं दिव्यांगत्व शेंकडा ४० वा अधिक असल्याचें प्रमाणपत्र लागतें. हेंहि मापच; आणि मुलाचें मुलपण शेंकड्यांत बसवितांना कोणत्या आईचें मन दुखत नसेल? पण येथें आंकडा कांहीं काढून घेण्यासाठीं नसून देण्यासाठीं आहे: शाळेंतील जागा, थोडें साहाय्य, कायद्याचा आधार. शिवाय हा हक्क मागतांना रक्तांत काय कमी आहे हें सिद्ध करावें लागत नाहीं. कारण सांपडो वा न सांपडो, मुलाचा वांटा त्याला मिळाला पाहिजे, हें तत्त्व त्यांत आहे. कारणाचा शोध शास्त्रानें करीत राहावें. न्यायाला त्या शोधाच्या समाप्तीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आतां पुन्हां त्या घरांत जाऊं. कागद अजून बापाच्या हातांत आहे, आणि मूल खालीं जमिनीवर चाक फिरवीत बसलें आहे. त्या आंकड्यांत झोंपेचा, दुखण्याचा, भीतीचा कांहीं माग लागत असेल तर तो कागद जपून ठेवावा आणि जाणत्या वैद्याला दाखवावा. तसा माग लागत नसेल तर तो घडी करून फडताळांत टाकावा, आणि क्षणभर त्या मुलाशेजारीं जमिनीवर बसून तें चाक आपणहि पाहावें. त्यानें मूल वळून पाहीलच असें नाहीं. परंतु आजवर त्यानें आपल्या जगांत यावें एवढीच मागणी चालली होती. त्याच्या जगाकडे आपल्या बाजूनें निदान एक पाऊल तरी पडलें असें होईल. संप्रेरक म्हणजे चालना देणारें. मुलाला काय चालना देतें याचें माप शास्त्र घेत राहील, आणि त्यानें तें घ्यावें. पण तें माप घ्यावयास आपणांस कोणती चालना उद्युक्त करते, त्याच्या दुःखाची कीं आपल्या निराशेची, हें मोजणारी प्रयोगशाळा मात्र ज्याची त्यालाच आपल्या मनांत चालवावी लागते.